एकही कागद कमी नव्हता

पाणीपुरवठा कार्यालयाच्या खिडकीत बारीककाकांनी फाईल सरकवली आणि तिथेच सगळं फिसकटलं. घरून निघताना उचलायची होती ती नळजोडणी स्वतःच्या नावावर करण्याची निळी फाईल. त्यांनी उचलली ती नाटकाची निळी फाईल. दोन्ही फाईली एकाच रंगाच्या आणू नका, असं काकू वर्षभर कानीकपाळी ओरडत होत्या. पण संसारात कानीकपाळी ओरडलेलं ऐकतो कोण?

काका देहाने बारीक अजिबात नव्हते. ते एका नाटक कंपनीत रंगमंचावर लागणारं सामान बनवायचे आणि त्यात इतकं बारीक काम करायचे की नावच तसं पडलं. चालू नाटकाच्या दुसऱ्या अंकात खलनायक घराचं खोटं खरेदीखत फडकवतो. ते काकांनी चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, महिनाभर गादीखाली दाबून चाळीस वर्षांचं म्हातारं केलं होतं. पहिल्या रांगेतल्या माणसालाही त्यातलं अक्षर दिसायचं नाही. तरी काकांनी चतुःसीमा लिहिल्या आणि साक्षीदारांच्या सह्या पाच वेगळ्या पेनांनी केल्या. दिग्दर्शक म्हणाला होता, "काका, कोरा कागद दिलात तरी चालेल हो." तीस वर्षांत काकांच्या कामाला मिळालेली सर्वांत मोठी दाद ती हीच.

तर खिडकीतल्या कारकुनाने फाईल उघडली. खरेदीखत होतं. वारसदाखला होता. बारा वर्षांच्या करपावत्या ओळीने लावलेल्या होत्या. पानं उलटता उलटता कारकुनाचा चेहरा पडत गेला. शेवटी त्याने शेजारच्याला हाक मारली.

"जरा इकडे ये रे. यात एकही कागद कमी नाही."

"असं कसं होईल? झेरॉक्स नसेल."

"तीन-तीन आहेत."

"साक्षांकित नसतील."

"आहेत ना!"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. वीस वर्षांच्या नोकरीत एखाद्याला पहिल्याच खेपेला परत पाठवता आलं नाही, असं कधी घडलं नव्हतं. नक्कीच काहीतरी काळंबेरं होतं. त्यांनी फाईल उलटी करून झटकली, तेव्हा खालून तीन ओळखपत्रं पडली. नावं तीन आणि फोटो एकाच माणसाचा. तो माणूस खिडकीबाहेर उभा राहून घाम पुसत होता. खलनायकाचं काम करणाऱ्या नटाला फोटो काढायला सवड मिळेना, म्हणून काकांनी स्वतःचाच फोटो डकवून दिला होता.

अर्ध्या तासात काका पोलीस ठाण्यात होते. बनावट कागदपत्रं बाळगल्याचा गुन्हा, असं इन्स्पेक्टर म्हणाले आणि त्यांनी कोरा फॉर्म पुढ्यात ओढला. त्यावर काकांचं नाव लिहिलं गेलं की मुक्काम थेट कोठडीत. पाठोपाठ काकू आल्या आणि काकूंच्या मागून त्यांचा भाऊ आला, तो वकील.

वकिलाने काकांना कोपऱ्यात घेतलं. "भावोजी, नीट ऐका. नाटकाचं सामान ही थाप साहेब म्हणे रोज ऐकतात. हे कागद बघून शेंबडं पोरसुद्धा फसणार नाही, एवढंच साहेबांना पटवायचंय. मी बोलतो. तुम्ही फक्त गप्प बसा."

"आणि आज तोंड उघडलंत ना," काकू म्हणाल्या, "तर मी डबासुद्धा आणायची नाही कोठडीत."

वकिलाने खरेदीखत दोन बोटांत, मेलेली पाल उचलावी तसं उचललं. "बघा साहेब. हा काय शिक्का आहे? बटाटा कापून उठवलाय नुसता!"

"बटाटा?" काका उसळले. "अडीच दिवस लागलेत त्याला!"

काकूंनी चिमटा काढला. पण इन्स्पेक्टरांनी तोवर भिंग काढलं होतं. "शिक्का तर झकास दिसतोय."

"दिसतोय ना?" काकांचा चेहरा उजळला. "त्याची डावी कड झिजलेली बघितलीत? शिक्का मारणारा माणूस उजव्या हाताचा असला की तीच कड आधी झिजते. आणि कागद उजेडात धरा साहेब, आत पाणचिन्ह आहे."

इन्स्पेक्टरांनी कागद उजेडात धरला. "आयला, खरंच की!" असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. वकिलाने डोक्याला हात लावला.

"साहेब, माझ्या अशिलाचं मनावर घेऊ नका. त्यांना कौतुकाची सवय नाही."

"मग मी यांनाच विचारतो," इन्स्पेक्टर म्हणाले. "काका, खरं सांगा. हा कागद बघून माणूस फसेल की नाही?"

काकांनी खरेदीखताकडे पाहिलं. ते सुकवताना पंखा लावायचा नाही म्हणून भर उन्हाळ्यात सगळं घर आठवडाभर उकडून निघालं होतं. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू रागावलेल्या नव्हत्या, त्या घाबरल्या होत्या, आणि काकूंना घाबरलेलं काकांनी फारसं पाहिलं नव्हतं.

"नाही फसणार साहेब," ते कसेबसे म्हणाले. "भंगार काम आहे." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

त्या पाण्याने इन्स्पेक्टर विरघळले. हा माणूस गुन्हेगार नसून नुसता नालायक आहे, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी फाईल जप्त केली, वर "जमत नाही तर दुसरं काहीतरी करा" असा सल्ला दिला आणि सोडून देण्याची चिठ्ठी लिहून तिच्यावर ठाण्याचा शिक्का मारला. मग ते मागच्या दाराने कुठल्याशा बैठकीला निघून गेले. वकीलही फोनवर बोलत बाहेर सटकला.

फाटकावरच्या शिपायाने चिठ्ठी घेतली, सुलटी धरली, उलटी धरली. "हे काय आहे?"

"साहेबांची चिठ्ठी."

"काका, मी काय आज कामाला लागलो? अर्धा शिक्का उठलाच नाही. तारीख गेल्या वर्षीची. बनावट कागदांपायी आत आलात आणि बनावट कागदावर बाहेर निघालात? साहेब संध्याकाळी येतील, तोवर बसा."

बाकावर बसून काकांनी परत मिळालेली चिठ्ठी निरखली आणि त्यांना मनापासून लाज वाटली. सरकारी शिक्का, आणि त्याची ही दशा! खिशात जांभळं पेन होतं. काकूंनी एकदा इकडेतिकडे पाहिलं, पर्समधून भुवयांची पेन्सिल काढून नवऱ्याच्या हातात दिली आणि पदर पसरून आडोसा केला. वीस मिनिटांत काम झालं.

शिपायाने चिठ्ठी पाहिली आणि खाडकन उभा राहिला. "हां! साहेबांची खरी चिठ्ठी ही. मघाशी चुकून दुसरीच दिलीत वाटतं? या, या काका."

बाहेर वकील हसतमुखाने उभा होता. त्याने शिपायाच्या हातातली चिठ्ठी डोकावून पाहिली. "वा, व्यवस्थित आहे. सुटलात भावोजी! आता तुमच्याजवळ एकही बनावट कागद नाही."

तिघे चालू लागले. रस्ता दहा पावलांवर होता. मागून शिपाई चिठ्ठी उजेडात धरून स्वतःशीच म्हणाला, "काय सुरेख शिक्का उमटलाय! साहेबांच्या हाताला वळण आहे बुवा."

काका थबकले.

"अहो, चला," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या.

"साहेबांच्या हाताला?"

काकूंनी त्यांचा एक दंड धरला, काही न कळून वकिलाने दुसरा धरला. पण तीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला दोघं किती धरणार? काका त्या दोघांसकट वळले आणि ताठ मानेने फाटकात जाऊन उभे राहिले.

"साहेबांनी नाही मारलेला तो," ते म्हणाले. "मी काढलाय. हाताने."

शिपायाने चिठ्ठीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि अदबीने फाटक पुन्हा उघडलं. काका आत गेले.

"अरे, जा ना मागोमाग!" काकू भावावर खेकसल्या. "मघासारखं सांग, भंगार काम आहे म्हणून."

"कसं सांगू ताई?" वकील हताशपणे म्हणाला. "या वेळी मी स्वतःच फसलोय."