झुळूक परिवार आणि तांदळाचे पापड

चाकण औद्योगिक वसाहतीतील ‘ज्वालामुख कोल अँड स्टीम’ या कंपनीने यंदा गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर आपले नाव बदलून ‘झुळूक’ असे ठेवले. कोळसा, बॉयलर आणि चिमणी पूर्वीचीच राहिली, कारण त्यांत सल्लागारांना काही खटकले नव्हते. चिमणीवर तळापासून टोकापर्यंत हिरवी वेल रंगवण्यात आली. कंपनीला यापुढे ‘परिवार’ म्हणावे, असे परिपत्रक निघाले. त्यामुळे त्या महिन्यात काढलेले कंत्राटी कामगार बेकार झाले नाहीत. ते फक्त वेगळे निघाले.

चिमणीसमोरच्या गच्चीवर दुर्गाबाईंच्या बचत गटातल्या बायका तांदळाचे पापड वाळत घालत. पाडव्यानंतर ऊन वाढले, झुळकेचे उत्पादनही वाढले आणि पांढऱ्या पापडांवर काळे ठिपके उमटू लागले. निगडीच्या दुकानदाराने अख्खा माल परत पाठवला. पुढे निगडीच्याच प्राधिकरण वसाहतीत बचत गटांचे प्रदर्शन होते. तिथेही माल पडून राहिला, तर गट मोडून सगळ्यांना पुन्हा कारखान्यांच्या झाडलोटीला जावे लागणार होते.

दुर्गाबाई मूळच्या बीडकडच्या, तक्रारीला न लाजणाऱ्या. गटातल्या सर्वांत वयस्कर गोजाबाईंना घेऊन त्या परिवाराच्या फाटकावर गेल्या. पूर्वीचा तक्रार कक्ष आता ‘कृतज्ञता कक्ष’ झाला होता. आत रणजीत नावाचे तरुण प्रतिमा व्यवस्थापक बसले होते.

“साहेब, पापडावर काजळी पडायलीय,” दुर्गाबाई म्हणाल्या.

“ताई, काजळी हा शब्द आम्ही पाडव्यापासून बंद केलाय.”

“शब्द बंद केला. मग पडायलंय त्याला काय म्हणायचं?”

“ऊर्जाकण.”

“काही म्हणा. तुमची झुळूक आमच्या ताटापर्यंत आलीय.”

रणजीत यांनी हे वाक्य कौतुकाने लिहून घेतले आणि मोबाइलवर दुर्गाबाईंचा फोटोही काढला.

“चिमणीला फिल्टर बसवा की,” दुर्गाबाई म्हणाल्या.

“बसवला असता हो. पण आज बसवला, तर काल नव्हता हे सिद्ध होतं. परिवाराच्या प्रतिमेला ते बरं नाही.”

हे एकदम ध्यानात येणार नाही, म्हणून सावकाश पाहू. खोकला झालेल्या माणसाने औषध घेतले, की त्याला खोकला होता हे उघड होते. औषध घेतले नाही, तर तो निरोगीच राहतो, फक्त खोकतो. परिवाराने दुसरा मार्ग धरला होता.

दुसऱ्याच दिवशी तळेगाव चौकात भला मोठा फलक लागला. त्यावर दुर्गाबाईंचा फोटो होता आणि खाली लिहिले होते: ‘झुळूक आमच्या ताटापर्यंत आली!’ – एक कृतज्ञ शेजारीण.

दुर्गाबाई तणतणत पुन्हा कक्षात गेल्या, मागोमाग गोजाबाई. रणजीत यांनी चहा मागवला.

“ताई, तुमचा माल चांगला आहे. नाव चुकलंय. शहरातली माणसं ‘चुलीवरचं’ म्हटलं की रांग लावतात. ‘चुलीवरचे धुरकट पापड’ असं छापून बघा. लेबल परिवारातर्फे.”

“आरं, पण चूल कुठं हाय?” गोजाबाईंनी विचारले.

“समोर आहे की, आजी. एवढी उंच.”

“आन् दातात कचकचतंय, त्याचं काय?”

“त्याला अस्सलपणा म्हणायचं.”

“पोटात गेल्यावर?”

“पोट ब्रँडिंगमध्ये येत नाही, आजी.”

प्रदर्शनात दुर्गाबाईंनी दोन ढीग मांडले. एक परिवाराचे लेबल लावलेल्या धुरकट पापडांचा, दुसरा घरात पंख्याखाली वाळवलेल्या स्वच्छ पापडांचा. मन मानत नव्हते, म्हणून. धुरकट ढीग दुपारच्या आत संपला. स्वच्छ पापड एका बाईंनी उचलून उन्हात धरला आणि खाली ठेवला. “इतके पांढरे कसे हो? काही पावडर मारता का?”

स्वच्छ ढीग तसाच घरी आला. गोजाबाई तोच नातवंडांना तळून देतात. पोरांनी धुरकट मागितला, तर म्हणतात, “न्हाई रं बाबा, त्यो गिऱ्हाइकाचा हाय.”

निगडीच्या दुकानदाराने स्वतः गाडी पाठवून माल उचलला. सगळे सुरळीत चालले असताना प्रदूषण मंडळाकडून हुकूम आला, की झुळकेने महिन्याभरात फिल्टर बसवावा. दुर्गाबाई त्याच संध्याकाळी कृतज्ञता कक्षात हजर झाल्या.

“साहेब, फिल्टर लावू नका. ठिपके गेले की गिऱ्हाईक जाईल. मग आठ बायांनी खायचं काय?”

ही तक्रार रणजीत यांना जशीच्या तशी छापता आली.

‘चुलीवरची चव वाचवा’ या निवेदनावर सह्या जमवायला गटाने प्राधिकरणात टेबल टाकले. हुकूम स्थगित झाला, तो त्या सह्यांमुळेच. तुमचीही सही तिथे आहे. निवेदन वाचायला तुम्ही थांबला नाहीत, कारण एका हातात पेन होते आणि दुसऱ्या हातात पापड.