कुणाच्या घड्याळानं?

आमच्या गोदाई अपार्टमेंटमध्ये नवा भाडेकरू आला की सेक्रेटरी या नात्यानं मी त्याला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. एक, गेटसमोर गाडी आडवी लावायची नाही. दोन, तिसऱ्या मजल्यावरच्या मुळेकाकांना किती वाजले असं विचारायचं नाही. विचारलं तर ते चष्मा कपाळावर चढवतात, समोरच्याकडे अत्यंत दयेनं बघतात आणि म्हणतात, "कुणाच्या घड्याळानं?"

नव्या माणसाला वाटतं, म्हातारा खवचट आहे. तसं नाही. ते मनापासून विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत सोडत नाहीत.

काकांचा उद्योगच तसा आहे. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले आणि घरी बसून कुठल्याशा परदेशी संस्थेचं काम करू लागले. वर अंतराळात एक यान फिरतंय. त्या यानाला सोमवार-मंगळवार कळत नाही, दिवाळी कळत नाही. त्याच्या पोटात एक घड्याळ आहे आणि ते चालू झाल्यापासून नुसते ठोके मोजत बसलंय. यान फोटो काढतं आणि खाली एक लांबलचक आकडा धाडतं, की या ठोक्याला काढला. तो आकडा काकांच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला की पलीकडून माणसाला वाचता येईल अशी तारीख आणि वेळ बाहेर पडते. हे सगळं मला एका दमात सांगता येतं, कारण काकांनी ते मला जिन्यात, गच्चीवर आणि एकदा चक्क एका मयतीला उभ्या उभ्या ऐकवलेलं आहे.

"ते घड्याळ बरोबर तरी चालतं का?" असं मी त्या मयतीच्या वेळी विचारून बसलो.

"नाय ना! लई चुकतं. थंडी-उन्हानं मागंपुढं होतं."

"मग इथून कळ दाबून नीट करायचं."

काका असे दचकले की लोकांना वाटलं, मयताच्या जवळचे असावेत. "घड्याळाला हात लावायचा नाय, सेक्रेटरी! चुकतंय तेवढं चुकू द्यायचं. किती चुकलं, ते आपण इथं खाली बसून समजून घ्यायचं. हात लावला की मागचं सगळं तुटलं."

कधी कधी ते घड्याळ आपणहून बंद पडतं आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं. तिथून दुसरा खंड सुरू. आकड्याच्या आधी खंडाचा नंबर टाकावाच लागतो. नाही टाकला तर सॉफ्टवेअर बापडं पहिलाच खंड धरतं आणि आज काढलेला फोटो काही वर्षांमागच्या तारखेला जाऊन बसतो. काका हे सांगताना इतके गंभीर होतात की आपल्याला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

हे ज्ञान यानापुरतं ठेवलं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पण काकांनी ते माणसांना लावलं. बहिणीचा फोन आला आणि ती "निघालेच" म्हणाली की काका शांतपणे आंघोळीला जात. लग्नाची पत्रिका आली की तिच्यावरचा मुहूर्त खोडून पेन्सिलीनं खरा मुहूर्त लिहीत. माझ्या पुतणीच्या लग्नाला त्यांनी अशीच दुरुस्ती लावली आणि कार्यालयाची माणसं सतरंज्या गुंडाळत असताना आहेर घेऊन हजर झाले. नवरदेवाकडची मंडळी वेळेवर आली होती, हे त्यांच्या कोष्टकात बसत नव्हतं. "अपवाद," एवढंच म्हणाले आणि उरलेला मठ्ठा पिऊन गेले.

त्यात ते दुष्काळाचे दिवस आले. जायकवाडीचा मृतसाठा रोज पेपरच्या पहिल्या पानावर. इकडे शहर मात्र शेंद्र्याच्या दिशेनं पाय पसरत निघालेलं. ज्वारीची रानं गेली आणि 'लेक व्ह्यू', 'रिव्हर साइड' अशा नावांच्या इमारती उगवल्या. त्यांच्या फलकांवर कारंजी रंगवलेली आणि दारात टँकर उभा. पेपरात 'पावसाचा खंड वाढला' असं छापून आलं की आम्ही कपाळाला हात लावत होतो. काका पेपरवाल्यांवर चिडत. "नुसतं खंड! कितवा, ते नको का द्यायला?"

मुकुंदवाडीत आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, आणि कधी यायचं ते फक्त व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शब्बीरभाईंना ठाऊक. त्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं. "बस साब, घंटाभर में आताच समझो."

इथं काकांचे डोळे चमकले. यानाचा ठोका आणि शब्बीरभाईंचा घंटा, दोन्ही एकाच जातीचे. शब्बीरभाई कधी काय म्हणाले आणि पाणी खरोखर कधी आलं, हे त्यांनी काही आठवडे टिपलं आणि सॉफ्टवेअरमध्ये घातलं. मग गेटजवळच्या फळ्यावर खडूनं वेळ लिहायला लागले. मी पोट धरून हसलो. पण मला सांगायला जड जातंय, वेळ बरोबर यायची. नोकरीवर जाणाऱ्या बायका फळा बघून पाळी बदलून घेऊ लागल्या. शब्बीरभाई स्वतः सायकल थांबवून फळा वाचत आणि म्हणत, "अच्छा, सात बजे छोडनेका है!"

मग पाण्याची मोठी लाइन फुटली. दुरुस्त होऊन सुरू झाली तेव्हा शब्बीरभाई उलट्या टोकाकडून व्हॉल्व्ह उघडत येऊ लागले आणि त्यांच्या घंट्याचा अर्थच बदलला. काकांनी भर जिन्यात जाहीर केलं, "खंड दोन!" नवं कोष्टक बनवलं, आणि पुन्हा सगळं सुरळीत झालं.

आणि एका गुरुवारी फळ्यावर लिहिलं होतं, 'पाणी संध्याकाळी'. सगळे कामाला गेले. पाणी सकाळीच आलं आणि बंद पिंपांना, कोरड्या टाक्यांना नमस्कार करून निघून गेलं. संध्याकाळी अख्खी बिल्डिंग नळाकडे बघत उभी राहिली. काका आकड्याआधी दोन लिहायला विसरले होते. सॉफ्टवेअरनं पहिला खंड धरला आणि आम्हाला फुटण्याआधीच्या लाइनचं पाणी देऊ केलं.

त्या रात्रीच्या मीटिंगमध्ये जे बोललं गेलं त्यातलं छापण्याजोगं फार थोडं आहे. ठरलं एवढंच, की काकांकडून खडू काढून घ्यायचा. कोण काढून घेणार? सेक्रेटरी! दुसऱ्या दिवशी मी धीराला मंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, बरोबर घेतलं आणि वर गेलो. मंदाचं आणि मुळेकाकूंचं फार सख्य होतं. काकूंना जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

दार उघडंच होतं. काका स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"सेक्रेटरी, खंड पडला," ते म्हणाले.

"तेच बोलायला आलोय. तुम्ही दोन लिहायला विसरलात आणि—"

"ते नाय. हे."

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं.

"काल सकाळी चहाला आलो तर थांबलेलं. सेल बदलायचा ध्यानातच राहिला नाय. मग फळ्याचं करायला बसलो, पण डोकं जागेवर नव्हतं."

"अहो, मग नवा सेल टाका आणि लावा वेळ! आतल्या खोलीत तुमचा कॉम्प्युटर सेकंदाचा बारीक तुकडासुद्धा दाखवतोय."

"ती वेळ इथली नाय." काका थांबलेल्या काट्यांकडे बघत म्हणाले. "कंपनीची बस चुकायची माझी. म्हणून ही हे घड्याळ पुढं करून ठेवायची. किती पुढं, ते सांगायची नाय. सांगितलं की तुम्ही मनात वजा करता आन् परत पेपर उघडता, म्हणायची. मला ताळा लागला असं वाटलं की गुपचूप आणखी हलवायची. शेवटी कितीवर ठेवलं होतं, मला म्हाईत नाय. ती गेल्यावर मी कधी ताडून बघितलं नाय. बघावं वाटलं नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळ्यांच्या घड्याळांची चूक माझ्यापाशी हाये. हिच्याच घड्याळाची तेवढी नाय."

मला फार वाईट वाटलं. खडूचा विषय मी तिथंच सोडून दिला.

"मला माहितीये, काका," मंदा म्हणाली.

काकांनी मान वर केली.

"किती पुढं ते. काकूंनीच दवाखान्यात सांगितलं होतं. म्हणाल्या, ह्यांना कळू देऊ नको."

काका ताडकन उठले आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "सांगू नका! मंदाताई, आकडा सांगू नका. कळला की मी वजा करीन."

मग ते फ्रिजकडे तोंड करून, डोळे मिटून उभे राहिले. शिक्षा झालेला एवढा म्हातारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मंदानं घड्याळ उतरवलं, सेल घातला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडेही पाठ करून मागचा खटका फिरवला. घड्याळ परत खिळ्याला अडकवलं.

"झालं, काका."

काका वळले. काट्यांकडे बघत उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते एकदम ओरडले, "अगं बाई, लई उशीर झाला की!" आणि चपला शोधायला पळाले.

जिना उतरताना मी मंदाला हळूच विचारलं, "किती गं पुढं?"

"तुम्हाला सांगितलं तर फळ्यावरच लिहाल," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

आम्ही पहिल्या मजल्यावर पोचलो तोच वरून बादल्यांचा खणखणाट ऐकू आला. दोन्ही हातांत दोन बादल्या, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, काका धावत खाली येत होते. "सरका सेक्रेटरी, सरका! पाणी जाईल!"

मी भिंतीला चिकटून त्यांना वाट करून दिली. पाण्याची पाळी चार दिवसांनी होती.