कुंभार टेकडीवर गेले त्याची हकीकत

श्रीगणेशास नमन, नदीमाईस दुरून नमन. शके सोळाशे सत्याऐंशी, पार्थिव नाम संवत्सर, ते समयी एके राज्यी नदीच्या सखल काठी कुंभारांची वस्ती होती. माती तेथेच उत्तम, म्हणोन घरेही तेथेच. दरसाल श्रावणी पूर यावा, घरे वाहोन जावी, आणि मग दिवाण तिमाजीपंत यांणी सरकारी रानातील लाकूड द्यावे, आणि कुंभारांनी त्याच जागी पुन्हा घरे उभी करावी, ऐसे नव वर्षे चालिले. दिवाणजी बहुत दयाळू. लाकूड देतेसमयी डोळां पाणी आणीत, आणि लोक दुवा देत, तेणेकरून स्वारी अधिकच फुगे.

दहावे वर्षी येसूबाई कुंभारीण, वस्तीची वडील, दरबारी येऊन म्हणाली, "महाराज, औंदा लाकूड नको, टेकडीवर जागा द्या. गेल्या पुरात माझी सून लेकरू घेऊन आढ्यावर बसली होती. ते पुन्हा माझ्याच्यानं बघवणार नाही." दिवाणजी म्हणाले, "टेकडी महाराजांचे शिकारीची. आम्ही काठीच पक्के घर बांधून देतो, मग तरी झाले?" येसूबाई म्हणाली, "द्या की. पण आमच्यात रीत आहे, घराचं आढं ज्यानं दिलं त्यानं पहिला श्रावण त्या घरात काढायचा. तुम्ही नऊ वर्षं आढी दिली, एकदा आला नाहीत." महाराज पोट धरोन हसले, आणि मग आज्ञा जाहली की रीत ती रीत, पंतांनी जावे.

मग पंत गादी, तक्के, पानाचा डबा आणि दोन आचारी घेऊन पक्क्या घरी राहिले. तीन दिवस पिठले भाकरी खाऊन बहुत संतोष पावले. चौथे दिवशी आभाळ पाहोन कुंभार मडकी घेऊन टेकडीवर निघाले, पंतांस बोलाविले, तर म्हणाले, "आमचे घर पक्के आहे." आचारी मात्र शहाणे, ते गेले. भर दुपारी पाणी उंबऱ्यास लागले, आणि मग कमरेस, आणि मग स्वारी आढ्यावर चढली, पागोटे वाहोन गेले. तेव्हा येसूबाईने पालथ्या मडक्यांवर बांबू बांधोन तराफा केला, आणि स्वतः वल्हवीत येऊन म्हणाली, "उतरा पंत, भिऊ नका. मडकी पक्की भाजलेली आहेत."

मग दरबारी पंत आपण होऊन बोलिले, "महाराज, दया करितो ऐसे समजत होतो. आढ्यावर बसलो तेव्हा कळले. काठी घर बांधावयास सरकारी काडीही देऊ नये. यांस टेकडी द्यावी, आणि माती वर वाहावयास गाढवे." महाराजांनी शिकार सोडिली, आणि राजपागेत घोड्यांशेजारी चाळीस गाढवे बांधिली. पागेचा दारोगा दोन दिवस जेवला नाही, ते असो.

पुढील श्रावणी पूर आला तो मागील सर्वांहून मोठा. येसूबाई टेकडीवर आपल्या दारी उभी राहोन पाहात होती, आणि मग सुनेस म्हणाली, "पूर आलाय आणि आपली चूल पेटलेली आहे, असं जन्मात पहिल्यांदा बघतेय. घाल गं आणखी दोन भाकरी."

सारांश, त्या साली नदी आली, कोणी भेटले नाही, तैसीच परत गेली. घडले तैसे लिहिले, उणे अधिक वाचणारांनी सांभाळोन घ्यावे.