टिपणिसांचा आकडा

दार वाजलं की आधी आकडा आत यायचा आणि मागून माणूस. "चौसष्ट!" असं म्हणून टिपणीस खुर्चीत बसायचे, हिने दिलेला चहा प्यायचे आणि निघून जायचे. बँकेने बदली करून मला कलकत्त्याला पाठवलं, त्या पहिल्याच आठवड्यात हे सुरू झालं. भवानीपूरच्या त्या घरात आम्ही खाली राहायचो आणि ते वर, एकटे. मला वाटलं, गृहस्थ वय सांगतायत. पुढच्या आठवड्यात ते "एकसष्ट!" म्हणाले, तेव्हा हिने कप हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

आकडा तापमानाचा होता. यादवपूरकडच्या एका प्रयोगशाळेत टिपणीस हायड्रोजन वायूचं पाणी करायला निघाले होते ("पाणी नव्हे हो, द्रव!"), आणि तेही चुंबकाने. त्यासाठी विसापर्यंत उतरावं लागतं. हा वीस आपला नव्हे. ज्याच्या खाली जाताच येत नाही असं एक शून्य आहे म्हणे, आणि "माणसानं तिथून मोजावं" हे त्यांचं पालुपद. बर्फ त्यांच्या हिशेबाने दोनशे त्र्याहत्तर. आमच्या शालूला ताप आला, तेव्हा त्यांनी थर्मामीटर पाहून "तीनशे बारा" असं जाहीर केलं आणि ही मटकन खाली बसली.

चुंबकाने गारवा कसा येतो, हे मी एकदा चुकून विचारलं. त्यांनी खिशातून रबरबँड काढला, झटकन ताणला आणि माझ्या ओठाला टेकवला. कोमट लागला. तसाच ताणून थोडा निवू दिला, मग सैल सोडून पुन्हा टेकवला. खरंच गार!

"माझं ताणणं म्हणजे चुंबक. रबराच्या जागी आमचा एक क्षार. चुंबकात तो तापतो. ती उष्णता काढून घ्यायची आणि चुंबक दूर करायचा, की क्षार आधीपेक्षा गार. पुन्हा तेच, पुन्हा तेच. या वहिनी, तुम्ही बघा!"

पुढे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या ओठाला रबरबँड लागला. दूधवालाही सुटला नाही.

दोन वर्षं आकडा उतरत होता. लोडशेडिंग झालं की चढायचा. त्या दिवशी ते "परत सत्तर" एवढंच पुटपुटत आणि ही चहात आलं जास्त घालायची. बावीसवर तीन महिने गाडी अडली, तेव्हा बँकेत मी उगाच लोकांवर खेकसत होतो.

मग एका दुपारी बँकेत फोन आला. "टिपणीस बोलतोय. सगळे या."

प्रयोगशाळेच्या गेटवर त्यांनी माझी काडेपेटी काढून दरवानाच्या हवाली केली. हायड्रोजनला ठिणगी चालत नाही. आत काचेचं उंच नळकांडं होतं. "वाका," ते म्हणाले. तळाशी नखाएवढं काहीतरी हलत होतं. पाण्याहून स्वच्छ, आणि उकळत होतं! इतक्या थंडीत उकळत होतं! जो वायू दिसत नाही, हाती लागत नाही, तो तिथे थेंब होऊन बसला होता. देवळातसुद्धा मी इतका गप्प कधी उभा राहिलेलो नाही. त्यांचे बंगाली सहकारी "होये गेछे! होये गेछे!" (झालं, झालं!) करत एकमेकांना मिठ्या मारत होते. टिपणीस त्यांच्यातून निघून आमच्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "वीस."

त्यानंतर आठ दिवस दार वाजलं नाही. ही रोज त्यांचा चहा टाकायची आणि मग तो मला प्यावा लागायचा. शेवटी मी वर गेलो. टिपणीस खिडकीशी बसून रबरबँड ताणत होते.

"काय हो, येणं बंद केलंत?"

"काम झालं ना." त्यांनी रबर बोटाला गुंडाळला. "सांगायला आकडाच उरला नाही. नुसतं कसं यायचं?"

दोन वर्षं मी समजत होतो, हा माणूस आकडा सांगायला येतो.

"आज बाहेर किती असेल?" मी विचारलं.

त्यांनी गजांमधून हात बाहेर काढला. "तीनशे सहा. फार तर सात."

"मग खाली येऊन हिला सांगा की. कधीची विचारतेय."

टिपणीस चपला शोधायला लागले.