तिसरा पुकारा

हजेरी घेताना कुंडलिक भानुदास तांदळे हे नाव मला तीनदा घ्यावं लागायचं. पहिल्यांदा घेतलं की पहिल्याच बाकावर बसलेले कुंडलिक भानुदास तांदळे माझ्याकडे शांतपणे बघायचे. दुसऱ्यांदा घेतलं की टोपी नीट करायचे. तिसऱ्यांदा घेतलं की ताडकन उभे राहून "हाजिर हाय!" असं गरजायचे, आणि खिडकीतली कबुतरं उडून जायची. वय एकसष्ट, वर्ग बी.ए. प्रथम वर्ष.

पहिल्या दिवशी मला वाटलं, कमी ऐकू येत असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, माझी टिंगल चाललीय. तिसऱ्या दिवशी मी चिडलो. "मामा, एका हाकेत ओ द्यायला काय होतं तुम्हाला?"

"सर, पुकारे तीन असत्यात. तिसऱ्याच्या आदी कुनी गैरहजर न्हाई. मंग घाई कावून करायची?"

मामा कोर्टात शिपाई होते. बत्तीस वर्षं दाराबाहेर उभं राहून त्यांनी लोकांची नावं पुकारली. बोलण्यातून कोर्ट अजून गेलं नव्हतं. कॅन्टीनचा चहा उशिरा आला की म्हणायचे, "तारीख पडली." मी फळ्यावर चूक केली की म्हणायचे, "नोंदीला घ्या सर, खाडाखोड झाली." निवृत्त झाल्यावर लोक शेत बघतात, नातवंडं बघतात. मामांना दोन्ही नव्हतं. त्यांनी कॉलेज बघितलं.

आता माझंही सांगतो. बीडच्या या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मी प्राध्यापक, नाही झाला तर बेकार. दर एप्रिलला माझी नेमणूक संपते आणि संस्थेच्या साहेबांची मर्जी असेल तर जुलैत पुन्हा सुरू होते. अशी चौदा वर्षं गेली. समाज कसा चालतो हे मी पोरांना शिकवतो. माझं कसं चालतं ते विचारू नका.

मामांनी तीन विषय घेतले होते. समाजशास्त्र कशासाठी, तर माणसं कोर्टापर्यंत का येतात ते कळावं म्हणून. दुसरा विषय गुन्हे आणि न्यायव्यवस्था. "बत्तीस वर्सं मी माणसं आत पाठवली सर. आत त्येंचं काय झालं ते मला कदी कळलंच न्हाई. मी दाराभायेर. पुढचं नाव घ्यायचं असायचं ना."

पहिल्या चाचणीला प्रश्न होता, फौजदारी खटल्याचे टप्पे सांगा. मामांनी चौदा पानं लिहिली. टप्पा पहिला: पार्टी लिंबाखाली बसते. टप्पा दुसरा: पार्टीची आई डबा सोडते पण जेवत नाही. टप्पा तिसरा: पुकारा. टप्पा चौथा: पार्टी चप्पल काढून आत जाते, काढायची गरज नसताना. टप्पा पाचवा: पार्टी बाहेर येते, चप्पल घालायची विसरते. संपलं. आतलं एक अक्षर नाही. तो विषय शिकवणारे सर पेपर घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "शून्य द्यावं तर हात होत नाही, आणि मार्क द्यावेत तर कशाला द्यावेत ते कळत नाही." शेवटी त्यांनी वीसपैकी आठ दिले. त्या वर्गातले ते सगळ्यात जास्त होते, कारण बाकीची पोरं पोलीस भरतीच्या मैदानावर पळत होती.

तिसरा विषय प्राथमिक स्पॅनिश. एक विषय अगदी वेगळा घ्यायचा असा नवा नियम निघाला, आणि आमच्या साहेबांनी कुठंतरी ऐकून स्पॅनिश आणली. बीडमध्ये स्पॅनिश! इथे माणसाला पुण्यात गेलं तरी आपली बोली लपवावी लागते. बाई पुण्यातूनच शिकवायच्या, भिंतीवरच्या पडद्यावर येऊन. त्या पडद्यावरून हजेरी घेत आणि मुलांनी "प्रेसेन्ते" म्हणायचं. मामा तिथेही पहिल्या दोन हाका गिळायचे. बाईंना वाटायचं नेट गेलं. "आवाज येतोय का? ऐकू येतंय का?" असं विचारून त्या तिसऱ्यांदा नाव घ्यायच्या आणि मग मामांचा "प्रेसेन्तेऽऽ" असा सुटायचा की बाई कानातला हेडफोन काढून ठेवायच्या.

दिवाळी झाली आणि कॉलेज रिकामं झालं. ते दर वर्षीच होतं. नेकनूर, पाटोदा, तिकडची पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. टोळीचा ट्रक येतो, त्यात संसार चढतो, कोंबड्या चढतात, बी.ए. प्रथम वर्षही चढतं. रजिस्टरात नावं तेवढी राहतात. स्पॅनिशला अकरा नावं होती, समोर एकटे मामा.

त्यातच अंगठ्याचं यंत्र आलं. प्राचार्यांनी नोटीस लावली, यापुढे तोंडी हजेरी बंद. मला बरं वाटलं, रोजची तीन मिनिटं वाचली. मामांनी नोटीस दोनदा वाचली आणि यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्रानं तो नाकारला. पुन्हा ठेवला, पुन्हा नाकारला. तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला. मामा म्हणाले, "तीन येळा करतंय खरं, पर नाव घेत न्हाई हे." मी हसलो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

यंत्र पुण्यापर्यंत पोचत नव्हतं, त्यामुळे आता नाव घेऊन हजेरी फक्त स्पॅनिशच्या बाई घेत. आणि आठवड्याभरात दुसरी नोटीस लागली: येत्या सोमवारी दहा विद्यार्थी हजर नसतील तर स्पॅनिश बंद. मामा नोटिशीपुढून हलेनात. मग माझ्याकडे आले. "सर, नऊ पोरं गोळा करायची. नेकनूरच्या बाजूला चार हायेत. तुमी येता का? मास्तर संगं असला की आईबापावर वजन पडतं."

माझं वजन माझ्या घरात पडत नाही, पण मी गेलो. शनिवारी एसटीनं नेकनूर, तिथून चालत वस्तीवर. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्याला, तिसऱ्यालाही कुलूप. मामा प्रत्येक दारासमोर टाचा जुळवून उभे राहायचे, रजिस्टरातलं पूर्ण नाव घ्यायचे आणि "हाजिर हाय काऽऽ?" असं तीनदा पुकारायचे. कुलपासमोर. मी म्हणालो, "मामा, कुलूप दिसतंय ना?" ते म्हणाले, "पुकारल्याबिगर गैरहजर कसं म्हनायचं?"

चौथ्या घरी एक म्हातारी ओट्यावर डोळे किलकिले करून बसली होती. तिच्या नातीचं नाव तिसऱ्यांदा घेतल्यावर ती म्हणाली, "कोन हाय बे, कावून वरडतो? पोरगी कर्नाटकात गेली टोळीसंगं. यील उन्हाळ्यात." मग तिनं विचारलं, "तिचं आख्खं नाव तुला कसं ठावं? आमी तर तिला ठकीच म्हंतो." मामा तिच्याशेजारी बसले आणि तिला नातीचं आख्खं नाव आणखी एकदा सांगितलं, यावेळी हळू आवाजात.

परत येताना नेकनूरच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होतो. माझे पाय दुखत होते, डोकं फिरलं होतं. मी म्हणालो, "मामा, काय मिळणार तुम्हाला त्या स्पॅनिशमधून? एक विषय बंद पडला तर पडला."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सर, आई गेली तवा मी सातवीत हुतो. तिच्यामागं माजं नाव घेनारं कुनी उरलं न्हाई. कोर्टात सायेब शिपाई म्हनायचे. गावात पुकारेवाले. तुमी समदे मामा म्हनता. मंडळी तर 'अवो'च्या पुढं कदी गेली न्हाई, नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? शेवटी दवाखान्यात नर्स कागद घिऊन आली, म्हनाली नवऱ्याचं नाव सांगा. बोलता येत हुतं तिला. तरी न्हाई सांगितलं. नुस्तं माज्याकडं बोट केलं." ते थोडं हसले. "चार वर्सं झाली. जगभराची नावं मी घेतली सर. माजं पहिल्यांदा तुमी घेतलं, जुलैमदी, रजिस्टर उघडून. एकदा आईकलं, वाटलं आनखी एकदा आईकावं. तीन पुकाऱ्यांचा तर हक्कच हाय."

एसटी आली. चार-पाच महिने मी या माणसावर चिडत होतो, आणि नोटीस लागल्यावर तीन मिनिटं वाचली म्हणून खूश झालो होतो. समाजशास्त्र शिकवतो म्हणे.

सोमवारी बाई पडद्यावर आल्या. नियमाप्रमाणे अकरा नावं वाचली. दहा नावांना कुणी नव्हतं. शेवटचं नाव त्यांनी तीनदा घेतलं, मामांनी "प्रेसेन्ते" म्हटलं, बाईंनी हात जोडले आणि पडदा काळा झाला.

मंगळवारी माझ्या तासाला मामा एकटे होते. यंत्रानं त्यांचा अंगठा त्या दिवशी तिन्ही वेळा नाकारला होता, त्यामुळे कॉलेजच्या हिशेबी माझा वर्ग रिकामा होता. मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली.

"कुंडलिक भानुदास तांदळे."

मामांनी वर बघितलं.

"कुंडलिक भानुदास तांदळे."

त्यांचा हात टोपीकडे गेला आणि तिथेच थांबला. मीही थांबलो. पुढच्या जुलैत मी इथे असेन की नाही मला माहीत नव्हतं, आणि तिसरा पुकारा संपवायचं माझ्या जिवावर आलं होतं. मामा वाट बघत होते. शेवटी मी नाव घेतलं. आडनाव वगळून, बापाचं नाव वगळून, त्यांच्या आईनं घेतलं असेल तेवढंच.

"कुंडलिक."

मी कानांची तयारी केली होती. पण मामा उभे राहिले नाहीत, गरजले नाहीत. आतल्या खोलीतून कुणी हाक मारल्यावर माणूस देतो, तशी त्यांनी हळूच ओ दिली.