गुंडोपंत खवले आणि घळीच्या लढाईचा अधिकृत ग्रुप

एका जंगलात, मुलांनो, मोबाईलला चांगली रेंज होती. ती कुठून आली हे विचारू नका. गोष्टीतली जनावरं बोलतात तेव्हा तुम्ही काही विचारत नाही, मग रेंजपाशीच का अडता?

तर त्या जंगलात गुंडोपंत खवले नावाचे एक खवल्या मांजर राहत. स्वभाव गरीब, जीभ लांब, आहार मुंग्यांचा. कुणी जवळ आलं की ते स्वतःला गुंडाळून घेत आणि चेंडू होत. त्यामुळे त्यांना मित्र नव्हते. चेंडूशी कोण किती वेळ बोलणार?

याच जंगलात फार पूर्वी घळीची लढाई झाली होती. लांडग्यांची टोळी चालून आली, तेव्हा लहानमोठ्या प्राण्यांनी घळीच्या अरुंद तोंडाशी रांग धरली आणि लांडग्यांना परतवून लावलं. दर वर्षी त्या दिवशी ती लढाई जशीच्या तशी करून दाखवायची प्रथा होती. कुणी लांडगे होत, कुणी वीर होत.

गुंडोपंतांची पणजी त्या लढाईत दुसऱ्या रांगेत होती. आपणही एकदा त्या रांगेत उभं राहावं, उजवीकडे कुणी असावं, डावीकडे कुणी असावं, असं गुंडोपंतांना फार वाटे.

“मग ग्रुपवर जा की,” भिवरा एकदा चेंडूला म्हणाली. ही भिवरा म्हणजे एक भेकर. आपली दोन पाडसं घेऊन ती त्या घळीतच राहायची. “हल्ली सगळं तिथंच ठरतं म्हणे. मी नाही बाई त्यात. तो सारखा टिंग करतो आणि मी सारखी दचकते.”

गुंडोपंतांनी अर्ज केला. ‘घळीची लढाई (अधिकृत)’ असं ग्रुपचं नाव होतं. ॲडमिन होते उदाजीराव उदमांजर. त्यांनी नियम पाठवले. एकूण एकसष्ट.

“वाचले,” गुंडोपंतांनी लगेच कळवलं.

“इतक्या लवकर वाचून होत नाहीत. पुन्हा वाचा,” उदाजीरावांचं उत्तर आलं.

गुंडोपंतांनी ते पुन्हा वाचले. मग तीन दिवस नुसतेच थांबले आणि म्हणाले, “वाचले.” त्यांना ग्रुपमध्ये घेण्यात आलं.

आनंदाच्या भरात त्यांनी आपला एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, “नमस्कार मंडळी. तालीम कधी आहे?”

त्रेचाळीस उत्तरं आली. तालमीबद्दल त्यात एकही नव्हतं.

ग्रुपमध्ये साळूताई काटदरे नावाच्या एक विद्वान सायाळबाई होत्या. त्यांनी लिहिलं, “हे अंगावर काय घातलंय? त्या काळी असं चिलखत नव्हतं. काढून या.”

“ताई, ते चिलखत नाही. माझे खवले आहेत. अंगाचेच.”

“सगळे नवे सभासद असंच म्हणतात.”

“पण माझ्या पणजीलाही होते. आणि ती लढाईत होती.”

“संदर्भ?”

“पणजीनंच सांगितलं.”

“पणजी हा संदर्भ होत नाही,” साळूताई म्हणाल्या. त्यावर एकोणीस जणांनी अंगठा वर केला. त्यातल्या काहींना तर अंगठाच नव्हता.

शेवटी तडजोड निघाली. गुंडोपंतांनी खवले झाकून यावं. त्यांनी बिचाऱ्यांनी डिंक लावून अंगभर पळसाची पानं चिकटवली. डिंकाला मुंग्या लागल्या. त्या त्यांनी खाल्ल्या. एकंदरीत तो दिवस वाईट गेला नाही.

पण तालीम काही ठरेना. त्या दिवशी वारा पूर्वेकडून होता की पश्चिमेकडून, यावर आठ दिवस गेले. वीरांनी आरोळी एकदा दिली की दोनदा, यावरून ग्रुप फुटला. ‘घळीची लढाई (अस्सल)’ निघाला. दुसऱ्याच दिवशी ‘घळीची लढाई (अस्सल, भांडण नको)’ निघाला, आणि तिथं सगळ्यात मोठं भांडण झालं. गुंडोपंत तिन्ही ग्रुपमध्ये होते. तिन्हीकडे ते रोज एकच विचारत. “तालीम कधी आहे?”

एका दुपारी त्यांनी ठरवलं, आता आपण एकट्यानंच तालीम करायची. पानं चिकटवून ते घळीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. आत भिवरा पाडसांना चाटत होती.

इतक्यात समोरच्या माळावर धूळ दिसली. धुळीत तांबडी पाठ दिसली. मग दुसरी. मग पाच-सात. कोळसुंदे! म्हणजे रानकुत्री, मुलांनो. ती टोळीनं येतात आणि जे सापडेल ते फाडतात. ती पाडसांच्या वासावर आली होती. घळीला दुसरी वाट नव्हती.

गुंडोपंतांनी तिन्ही ग्रुपवर लिहिलं, “कोळसुंदे आलेत. घळीच्या तोंडाशी. लवकर या!”

साळूताईंचं उत्तर तत्काळ आलं. “कोळसुंदे नव्हते. लांडगे होते. मूलभूत चूक.”

“आत्ता आलेत! खरे!”

मग उदाजीराव आले. “नियम चौदा. हा ग्रुप फक्त इतिहासासाठी आहे. चालू घडामोडी टाकू नयेत. मेसेज काढून टाकत आहे.”

आणि त्यांनी तो काढून टाकला.

कोळसुंदे दहा पावलांवर आले. गुंडोपंतांनी मागं पाहिलं. भिवरा पाडसांच्या पुढं उभी होती. पळून जावं असं त्यांना फार वाटलं. पण पळणं त्यांना येत नव्हतं. त्यांना एकच येत होतं. ते घळीच्या बरोबर तोंडात बसले आणि चेंडू झाले.

घळ अरुंद आणि चेंडू मोठा. पहिल्या कोळसुंद्यानं चावा घेतला. तोंडात पळसाचं पान आलं. दुसऱ्यानं घेतला, त्याचा दात हलला. तिसऱ्याला डिंक चिकटला आणि त्याचं तोंडच उघडेना. आतून गुंडोपंत थरथरत होते, पण बाहेरून कुणाला ते दिसत नव्हतं.

भिवरा भेकर होती आणि भेकरांना एक कला येते. ती बेंबीच्या देठापासून भुंकली. तो आवाज दरीपार गेला.

दरीपार गबाजी गवा चरत होता. तो एकाही ग्रुपवर नव्हता, कारण त्याच्या खुराखाली तीन मोबाईल फुटले होते. त्यानं आवाज ऐकला. संदर्भ मागितला नाही. मान खाली घातली आणि धावत सुटला. समोरून डोंगर पळत येतोय हे पाहून कोळसुंद्यांनी शेपट्या आत घेतल्या आणि माळ गाठला.

“गेले का?” चेंडूतून आवाज आला.

“गेले,” गबाजी म्हणाला. “तुम्ही कोण?”

“मी गुंडोपंत.”

“या बाहेर.”

गुंडोपंत उलगडले. पाडसं त्यांच्या अंगावरची उरलीसुरली पानं खाऊ लागली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी जवळ आलं असताना ते उघडे राहिले.

दुसऱ्या दिवशी साळूताईंनी ‘घळीची दुसरी लढाई’ असा मोठा लेख टाकला. आता ती कालची गोष्ट होती, म्हणजे इतिहास होता. लेखात कोळसुंदे चाळीस होते. भिवरा नव्हती, गबाजी नव्हता, कारण ते सभासद नव्हते.

“ताई, ते सात होते,” गुंडोपंतांनी लिहिलं. “आणि मला गबाजीनं वाचवलं. मी तिथं होतो.”

“तिथं असलेल्यांच्या आठवणी भरवशाच्या नसतात,” साळूताई म्हणाल्या.

गुंडोपंतांनी थोडा विचार केला आणि तिन्ही ग्रुप सोडले.

‘गुंडोपंत गेले’ एवढंच सगळ्यांना दिसलं. उदाजीरावांनी हळहळून पणतीचं चित्र टाकलं. त्याखाली दोनशे श्रद्धांजल्या आल्या. गुंडोपंतांची लढाई दर वर्षी करून दाखवायची, असा ठराव झाला आणि आश्चर्य म्हणजे तिन्ही ग्रुपनी तो एकमतानं मंजूर केला.

पुढच्या वर्षी ती झाली. गुंडोपंतांचं काम एका कासवाला दिलं होतं. गबाजी, भिवरा आणि गुंडोपंत प्रेक्षकांत बसले होते. कासव चांगलं करत होतं. गुंडोपंतांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारच्या खारीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “अगं बाई! तुम्ही अगदी त्यांच्यासारखे दिसता.”

पुढच्या ओळीतून साळूताईंनी मान वळवली. गुंडोपंतांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“छे!” त्या म्हणाल्या. “ते पुष्कळ उंच होते.”

तात्पर्य: लढाई चालू असताना ग्रुपवर कळवू नये. आधी ती संपू द्यावी, आणि जमल्यास आपणही संपावं. मग मेसेज कुणी काढत नाही आणि उंचीही वाढते.