रेजीनमावशीचा नवरदेव

घोडा बघायला आलेल्या माणसाला रेजीनमावशी आधी स्वतःचे दात दाखवायला लावायची.

"आ कर," म्हणायची. समोरचा कितीही मोठा साहेब असो. "तू त्याचं तोंड उघडून बघनार, मंग मी तुझं बघितलं तर काय बिघडलं?"

काही जण हसून तोंड उघडायचे. काही जण गाडी वळवून सरळ मीरा रोडला जायचे. गेले की मावशी खूश.

मला तिची ही सवय माहीत होती, कारण खोली देताना तिने माझेही दात बघितले होते. आम्ही हिंगोलीकडून समुद्रकाठी उत्तनला आलो तेव्हा इथे आमचं कोणी नव्हतं. माझी शाळा सातवीत सुटलेली, समुद्र कधी बघितलेला नाही, आणि वरचा एक दात पडलेला. त्या दातापायी खोली जाते की काय म्हणून मला घाम फुटला होता. मावशी म्हणाली, "एक न्हाय तर न्हाय. बाकीचे कामाचे हायत. ये आत." त्या दिवसापासून या बाईचे उपकार मी विसरले नाही, आणि तिची भीतीही माझ्या मनातून गेली नाही.

मावशी जातीची मासेवाली. कोळंबी, बोंबील, सुरमई यात आयुष्य गेलेलं. तिच्या हाती घोडा लागला तो उत्तनजवळच्या डोंगरीच्या रस्त्यावर. बाजार करून बसने येत होती, तर बस थांबली. पुढे एक म्हातारा पांढरा घोडा उभा. वरातीत नाचवून नाचवून कुणीतरी सोडून दिलेला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पाठीवर खोगिराच्या जखमा, खूर चपलेसारखे पुढे वाढलेले, आणि आयाळीत अजून चमकीची झालर अडकलेली. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मावशी टोपलीसकट खाली उतरली ती घोडा घेऊनच घरी आली.

झालरीमुळे त्याचं नाव पडलं नवरदेव. गावात दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच. रेजीननं या वयात नवरदेव आणला!

"आनला," मावशी विहिरीवर सगळ्यांच्या देखत म्हणाली. "तुमच्यासारका पिऊन तर येत न्हाय."

प्राण्यांच्या संस्थेतले डॉक्टर यायचे. त्यांनी दात कानशीने घासून दिले, नालबंद बोलावून खूर कापवले, मलम दिलं. पण मावशीची तपासणी वेगळी. रोज सकाळी ती नवरदेवाच्या मांडीत अंगठा दाबायची. पापलेट ताजं आहे का बघतात, तसा.

"मास लगेच वर आलं पायजे. खड्डा राह्यला तर माल शिळा."

पहिले कितीतरी दिवस खड्डा राहायचा. मग भिजवलेले हरभरे, कोंडा, गूळ, आणि संध्याकाळी समुद्राच्या पाण्यात पाय. हळूहळू खड्डा भरायला लागला. एकदा तिने मला हाक मारून अंगठा दाबून दाखवला. मांस टुणकन वर आलं. "ताजा!" मावशी अशी ओरडली की शेजारची बाई भाव विचारायला बाहेर आली.

समुद्रावर नेणं हा मात्र तमाशा होता. वरातीतला घोडा दहा-बारा पावलं चालतो आणि थांबतो, कारण पुढे मंडळींना नाचायचं असतं. नवरदेवाची ती सवय हाडात गेलेली. चर्चच्या वळणावर जो थांबायचा तो ढकलून हलायचा नाही. शेवटी मावशीने इकडे तिकडे बघितलं, पदर खोचला, आणि तोंडानेच "ढँढँ ढँढँ" करत भर रस्त्यात दोन गिरक्या घेतल्या. घोडा चालायला लागला.

तेव्हापासून रोज तसंच. साठी उलटलेली बाई, दर दहा पावलांवर नाचतेय. जाळी विणणारे बाप्ये हातातलं काम सोडून बघायचे.

"तू पन नाच की गे," मला म्हणायची.

"नको मावशी, लोक बघतात."

"मंग? लोकांनी डोळे मिटून बसायचं काय?"

मी काही नाचले नाही. माझं सगळं आयुष्य लोक काय म्हणतील यात गेलेलं.

घोडा बरा झाला तसे डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता याला चांगली जागा बघू या. मऊ जमीन हवी. आणि दुसरं एखादं घोडं सोबतीला हवं. घोडा कळपातलं जनावर. एकटा राहिला तर पुन्हा खंगेल."

मावशी म्हणाली, "बगा की."

आणि मग दात बघणं सुरू झालं.

एक रिसॉर्टवाला आला. पोरांना पाठीवर फिरवायला घोडा हवा होता. "त्याच्यावर बसायचे ते लोक बसून गेले," म्हणून मावशीने त्याला वाटेला लावलं. टॉवरमधली एक बाई आली. "पार्किंगमें रखेंगे, आंटी."

"पार्किंगमें? स्कूटर हाय क्या वो?"

इथपर्यंत ठीक होतं. पण एका शेतकऱ्याची जागा चांगली, घरी दोन घोडे, माणूस देवासारखा. त्याला मावशीने नाकारलं, कारण तो चहा बशीत ओतून प्याला नाही. दुसऱ्याला नाकारलं, कारण त्याचा मोबाईल सारखा वाजत होता.

डॉक्टर चिडले. "मावशी, तुम्ही काय लग्न जमवताय त्याचं?"

"मंग? घरातनं मानूस चाललंय."

तेवढ्यात नवरदेवाने खाणं कमी केलं. अंगठ्याचा खड्डा परत दिसायला लागला. मावशी सकाळी अंगठा दाबायची आणि पदराला हात पुसत आत जायची. मी आणखी मूठभर हरभरे भिजवायची.

त्या आठवड्यात डहाणूकडचे एक आजोबा आले. त्यांची चिकूची वाडी, आणि वाडीत एक म्हातारी घोडी. मावशी म्हणाली, "आ करा." आजोबांनी कवळी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

मी पदरात तोंड लपवलं. मावशी कवळीकडे बघत राहिली. मग चहा दिला. आजोबांनी बशीत ओतून फुर्र करून प्याला. मोबाईल त्यांच्याकडे नव्हताच.

"रात्री त्याच्याजवळ कोन असंल?" मावशीने शेवटचं विचारलं.

"माझी घोडी. तीही एकटीच आहे हो. रात्रभर फाटकाशी उभी असते."

मावशीने कवळी पदराने पुसून परत दिली. "रविवारी या," म्हणाली.

रविवारी आमच्या ह्यांनी टेम्पो आणला, फळी लावली. मावशी आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. "मना काम हाय. बोंबील निवडायचे हायत." बोंबील तर बाहेर बांबूच्या वलांडीवर वाळत होते.

नवरदेव फळीपाशी आला आणि थांबला. आजोबांनी गूळ दाखवला. ह्यांनी मागून रेटलं. टेम्पोचा रेडिओ लावला. घोडा ढिम्म. अर्धं गाव जमलं. सगळ्यांना माहीत होतं काय करायला हवं, पण ते करणारी आत होती.

दार उघडलं. मावशी आली, कुणाकडे बघितलं नाही, पदर खोचला. "ढँढँ ढँढँ." फळीवर उलट्या पावलांनी चढत ती नाचली. एक गिरकी, दुसरी गिरकी, टेम्पोच्या आतपर्यंत. नवरदेव तिच्यामागे चढला. तिने त्याच्या मांडीत अंगठा दाबून बघितला आणि खाली उतरली.

"भरेल," म्हणाली. "दोघं असले की भरेल."

टेम्पो गेला. गाव पांगलं.

संध्याकाळी मावशी नेहमीच्या वेळी समुद्राकडे निघाली. हातात नुसता दोर. मला राहवेना, म्हणून मीही निघाले. चर्चच्या वळणावर मावशी थांबली.

मी वाट बघितली. ती उभीच. जाळी विणणाऱ्यांनी माना वर केल्या.

मी इकडे तिकडे बघितलं, पदर खोचला, आणि दोन गिरक्या घेतल्या.

मावशी चालायला लागली.